गुट्टम्माची कोरडी पावलं

बाटलीतलं पाणी कातळावर पडलं आणि चारशे माणसं एकदम गप्प झाली.

मल्लेलगुट्ट्याचा तो कातळ उन्हानं तापून राखाडी पडला होता. पाणी पसरेल तसा तो काळा होत गेला. वीतभर, हातभर, दोन हात. आणि त्या काळ्या ओल्या दगडाच्या मधोमध एक पाऊल कोरडंच राहिलं. पांढरट, लहानखुरं, पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. पाणी त्याच्या कडेपर्यंत जायचं, आत शिरायचं नाही. चुकून एखादा थेंब आत पडलाच तर टपोरा होऊन पाऱ्यासारखा घरंगळायचा.

"बघा! डोळे फाडून बघा!" अडुगुलस्वामींनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या गळ्यातला माइक खरखरला. "तुम्ही मोठाले बूट घालता, पाठीवर पिशव्या बांधता, मोबाइलला रस्ता विचारत डोंगर चढता. माझ्या आईला सॅटेलाइट नक्को, नेटवर्क नक्को, चार्जर तर नक्कोच नक्को! फॉरेस्टवाल्यांच्या बाणावरून चालाल तर काय मिळेल?"

"टेकडी!" गर्दी ओरडली. उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

"आणि आईच्या पावलावरून चालाल तर?"

"आई!"

अडुगु म्हणजे तेलुगूत पाऊल. गुट्टा म्हणजे टेकडी, आणि गुट्टम्मा म्हणजे टेकडीची आई. दीड वर्षापूर्वी हे तिन्ही शब्द एकत्र जोडणारं कुणी नव्हतं. हैदराबादपासून तीन तासांवरचं हे डोंगराळ वनउद्यान तोवर फक्त चालणाऱ्यांना ठाऊक होतं. तिथं तीन पायवाटा होत्या. पांढऱ्या बाणांची सोपी, पिवळ्या बाणांची जरा दमवणारी, आणि तांबड्या बाणांची, जी वरच्या निसरड्या कातळामुळं वनखात्यानं बंद केली होती. स्वामींची पत्र्याची शेड नेमकी त्या बंद वाटेच्या तोंडाशी उभी राहिली होती. पहिली तीन पावलं शेडसमोरच्या सपाट कातळावर होती. पुढची उतारावर वरवर जात होती. सातवं अगदी माथ्याला आहे, असं स्वामी सांगत. ते अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

"आणि मी म्हणतो म्हणून मानू नका!" स्वामींचा आवाज अचानक मऊ झाला. "आज आपल्यात सरकारी माणूस आहे. चौतीस वर्षं जमीन मोजलेला माणूस. या, साहेब. तपासा. माझ्या आईला तपासणीची भीती नाही."

सगळ्या माना प्रतापराव देऊळगावकरांकडे वळल्या.

प्रतापराव हैदराबादेतल्या काचीगुड्याचे. भूमापन खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर त्यांनी शेजारपाजारचे वीसेक मराठी लोक जमवून चालणाऱ्यांचं एक मंडळ काढलं. मल्लेलगुट्ट्याच्या वाटांवरचे बाण अकरा वर्षांपूर्वी वनखात्याच्या परवानगीनं याच मंडळानं रंगवले होते. मंडळाचा नियम एकच, पण कडक. पुढचा बाण दिसत नसेल तर पाऊल टाकायचं नाही. जागच्या जागी उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "वाट दिसत नाही!" मग पुढारी उत्तर देणार, "थांब तिथंच, आलो!" नवी माणसं लाजायची. बाण दिसत नसला तरी दिसल्यासारखं करून पुढं सटकायची. अशांना प्रतापराव सगळ्यांसमोर झाडायचे. "वाट दिसत नाही म्हणायला कसली आलीय लाज? दिसत नसताना चालणाऱ्याला लाज वाटली पाहिजे."

तर हे प्रतापराव उठले. खिशातून नकाशे वाचायचं भिंग काढलं आणि कातळावर गुडघे टेकले. नखानं खरवडलं, काही निघालं नाही. कापसावर स्पिरिट घेऊन घासलं, कापूस कोरा राहिला. बोट फिरवलं, खोलगट भाग लागला नाही. वास घेतला. दगड वाळू दिला, तर पाऊल पार दिसेनासं झालं. पुन्हा पाणी टाकलं, पुन्हा आलं. अर्धा तास गर्दी त्यांच्या पाठीकडं बघत उभी होती.

त्यांनी डायरीचं पान फाडून तीन ओळी लिहिल्या. "मल्लेलगुट्टा येथील कातळावरील पावलांची मी स्वतः तपासणी केली. रंग, खडू किंवा कोरीव काम आढळले नाही. पावले कशामुळे दिसतात ते मला समजले नाही."

तिसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली. तोवर स्वामी शाल घेऊन आलेच होते. मागून कुणीतरी म्हणत होतं, "बडे साब हैं, इनकू सब मालूम." प्रतापरावांनी ते पान चुरगाळून खिशात घातलं आणि दुसऱ्यावर पहिल्या दोन ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून खाली सही केली.

पंधरा दिवसांत त्या दोन ओळींचा आठ फुटी फलक झाला. शेडच्या दारात लागला. मराठी, तेलुगू आणि हिंदीत. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, "सरकारी तज्ज्ञांनी सिद्ध केलेले."

"सिद्ध केलेले" असं प्रतापरावांनी कुठंही लिहिलेलं नव्हतं. तसं त्यांनी एकदोघांना सांगितलंही. पण फारसा जोर लावून नाही. फलकावर त्यांचा फोटो चांगला आला होता.

त्या फलकानं जी माणसं टेकडीवर आणली, त्यांत एक त्यांची सख्खी बहीण होती.

कुसुमताई प्रतापरावांपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. शहरातच नल्लकुंट्याला राहायच्या. मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून त्यांनी हजारभर पोरांचं अक्षर सुधारलं. मंडळाच्या नियमाचं पत्रकसुद्धा त्यांच्याच हातचं. चालायला मात्र प्रतापरावांनी त्यांना कधी नेलं नाही. "ताई, तुला झेपायचं नाही," एवढ्यावर तो विषय अकरा वर्षं मिटत आला होता. स्वामींची बस नल्लकुंट्याच्या चौकातून सुटायला लागली, तेव्हा कुसुमताईंनी फलकाचा फोटो नातीच्या मोबाइलवर मोठा करून वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "प्रतापनं लिहून दिलंय म्हणजे बघायलाच हवं." त्यानंतरचा एक रविवार त्यांनी चुकवला नाही.

पाचव्या रविवारी तिसऱ्या पावलापाशी त्या घसरल्या. सपाट कातळ खरा, पण त्यावर पाणी, नारळाचं पाणी, दिव्यांचं सांडलेलं तेल. शिवाय अनवाणी. डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून घरी आल्यावर त्या प्रतापरावांना म्हणाल्या, "माझंच कुठंतरी कमी पडलं बघ. स्वामी म्हणाले, सातव्या पावलावर हात टेकव, हाड आपोआप जुळेल. येत्या रविवारी सातवं पाऊल उघडणार आहेत."

"सातवं? ते तर उताराच्या माथ्याला आहे. ती वाट बंद आहे, ताई. खाली दोन पुरुष उंचीचा कडा आहे."

"तू तपासलंस ना सगळं?"

प्रतापरावांनी कपातला गार चहा एका घोटात संपवला.

हे झालं बुधवारी. गुरुवारी सकाळी ते गच्चीत पेपर वाचत बसले होते. भामा गच्ची धूत होती. भामा त्यांच्याकडं नऊ वर्षं कामाला होती. तेलुगू घरची, पण मराठी कानावर पडून पडून तीच भाषा आपल्या पद्धतीनं बोलायची.

"सार," ती खराटा टेकून म्हणाली, "तुमच्या गच्चीवर पण आई आल्या का?"

"काय?"

"ते बघा ना. टाकीच्या बाजूला. कित्ता बी रगडा, जातच नाही. दोन साल झाले मी बघती."

प्रतापराव उठले. सिमेंटची ओली गच्ची गडद दिसत होती. टाकीपाशी मात्र एक परातीएवढा पांढरट कोरडा डाग होता आणि त्याच्या मधोमध शेजारी शेजारी दोन बुटांचे आकार. आकार ओले, भोवतालचं सगळं कोरडं. अगदी नेमकी कड. डाव्या बुटाच्या टाचेजवळची कपचीसुद्धा दिसत होती.

ते बूट त्यांचेच होते. पावसात भिजू नयेत म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी बूट तिथं ठेवून त्यांच्यावर पाणी न झिरपू देणारा फवारा मारला होता. बुटांबाहेर उडालेला फवारा सिमेंटनं पिऊन टाकला होता. तिथं पाणी मुरेना. जिथं बूट होते, तिथंच तेवढं मुरत होतं.

मल्लेलगुट्ट्यावर होतं ते याच्या उलट. तिथं पावलाच्या आकारातच औषध लावलेलं.

"दोन वर्षांत मला कधी सांगितलं नाहीस, भामा?"

"मला वाटलं सारांना माहीत असंल. तुमचेच बूट," भामा म्हणाली आणि बादली उचलून खाली गेली.

प्रतापराव बराच वेळ त्या डागापाशी उभे होते. दोन वर्षं रोज सकाळी ते इथंच पेपर वाचत होते. भिंगाची गरज नव्हती. स्पिरिटची गरज नव्हती. नुसतं खाली बघायला हवं होतं.

दुपारी ते बेगम बाजारात गेले. तिथल्या एका दुकानात दगडी फरशी आणि गच्च्यांवर मारायचं औषध मिळालं. पाण्यासारखं पातळ, रंग नाही, वाळलं की मागमूस नाही. दुकानदारानं डबा कागदात गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, "छत का काम है?"

"नाही. दगडाचं. मल्लेलगुट्ट्याला जातो आम्ही."

"अरे वा! वो स्वामीजी तो अपने पुराने गिराक. पहले छत की वॉटरप्रूफिंग का ठेका लेते थे. ये माल अब भी इधरीच से जाता. आश्रम के छत कू." दुकानदार हसला. "पत्रे का छत है बोलते. पत्रे पे ये कैकू लगाते, मेरेकू भी समझ में नहीं आया."

बेगम बाजारातल्या माणसाला समजलं नव्हतं, आणि तसं तो सहज बोलून गेला होता. प्रतापरावांना ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

त्या संध्याकाळी त्यांनी गच्चीत एका सुट्या फरशीवर त्या औषधात बुडवलेल्या कुंच्यानं झाडाचं पान काढलं. वाळल्यावर पाणी टाकलं. पान आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा आलं.

शुक्रवारी ते नल्लकुंट्याला गेले ते सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. कुसुमताईंकडं शेजारच्या पद्मावतीबाई आणि आणखी दोघीजणी बसलेल्या. रविवारच्या पूजेसाठी फुलवाती वळणं चालू होतं. प्लॅस्टरच्या हातानं जमत नव्हतं, तरी कुसुमताई एका हातानं वळत होत्या.

"आलात? आत्ता तुमचाच विषय," पद्मावतीबाई म्हणाल्या. "आमचे हे म्हणत होते, भोंदू असेल. मी म्हटलं, देऊळगावकरांनी सही केलीय. ते काय उगाच सही करणारे आहेत?"

प्रतापरावांनी घसा साफ केला. "ताई, रविवारी जाऊ नकोस. गुडघे दुखतात ना तुझे?"

"गुडघे दुखतात म्हणून घरीच बसायचं? अकरा वर्षं तेच ऐकलं तुझ्याकडून." त्या हसून म्हणाल्या, पण हातातली वात तुटली. "तिथं वर वारा किती छान लागतो रे. मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं."

"उतार वाईट आहे."

"मग तसं लिहायचं होतंस की. लिहिलंयस ते मी पाच वेळा वाचलं. तसलं काही नाही त्यात."

चहा आला. प्रतापरावांनी चहा प्याला. तीन बायकांसमोर, सख्ख्या बहिणीच्या घरात, त्यांच्या तोंडून ते चार शब्द निघाले नाहीत. निघताना जिन्यात त्यांनी खिशात हात घातला तेव्हा रुमालासोबत एक चुरगाळलेला कागद बाहेर आला. तपासणीच्या दिवशीचंच जाकीट होतं. तिसरी ओळ अजून वाचता येत होती.

शनिवारी सकाळी ते एकटेच मल्लेलगुट्ट्याला गेले. वनरक्षक यादय्या चौकीत भेटला. अकरा वर्षांपूर्वी बाण रंगवताना डबे उचलून धरणारा हाच. प्रतापरावांनी त्याला सगळं सांगितलं. यादय्या ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मैं दो बार उनकी चढ़ने की रस्सी काटा, साब. ये रस्ता बंद है बोला. लोगां मेरेकू तुमारा बोर्ड दिखाए. बोले, बड़े साब लिखके दिये, तू कौन?"

"हौ," प्रतापराव म्हणाले. "माझंच चुकलं."

"मेरेकू बोलके क्या फायदा? उनकू बोलो."

प्रतापरावांनी डबा आणि कुंचा टेबलावर ठेवला. यादय्यानं वनखात्यातल्या आपल्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी रविवारी माणसं पाठवायचं कबूल केलं आणि शेडसमोरच्या सपाट कातळावर काय करायचं त्याची परवानगीही दिली. दुपारी शेड रिकामी असताना दोघं तिथं गेले. प्रतापराव तासभर कातळावर ओणवे होते. काम झाल्यावर यादय्यानं कुंचा मागितला, थोडा बाजूला सरकून बसला आणि स्वतःशीच हसत काहीतरी काढू लागला.

रविवारी सकाळी आठ वाजता तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. स्वामींनी पहिली वीस माणसं पूजा होण्याआधीच वर सोडली होती. हातात पाण्याच्या बाटल्या, पाय अनवाणी. प्रत्येक पावलावर पाणी ओतत, पाऊल दिसलं की पुढं सरकत, रांग उतारावरून चढत होती. वरून ओतलेलं पाणी खालच्यांच्या पायाखालून वाहत येत होतं. प्रतापरावांनी मान वर केली. पाचव्या पावलापाशी निळ्या लुगड्यातली एक बाई उभी होती. डावा हात पांढरा.

"मामाआजोबा!" कुसुमताईंची नात त्रिवेणी मोबाइल सांभाळत गर्दीतून पुढं आली. "आजी ऊपर गयी. मला घेतलं नाही, जीन्स चालत नाही म्हणाले. मी किती सांगितलं तिला, ती ऐकतच नाही."

यादय्यानं शिट्टी वाजवली. कुणी बघितलं नाही. स्वामींनी मात्र प्रतापरावांना बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आले! ज्यांनी आईला तपासलं ते आले! साहेब, दोन शब्द बोला!" आणि त्यांनी आपला माइक काढून प्रतापरावांच्या हातात दिला.

प्रतापरावांनी रात्री भाषण लिहून काढलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी माइक त्रिवेणीच्या हातात दिला, आपली बाटली उघडली, आणि पहिल्या पावलाच्या अलीकडं कातळावर सावकाश पाणी ओतलं.

दगड काळा पडत गेला. आणि त्यावर कोरडी, पांढरी, वीतभर उंचीची अक्षरं उमटू लागली.

गर्दी पुढं सरकली. "काय आहे? क्या लिखा?" मागचे विचारत होते. त्रिवेणीच्या हातात माइक सुरूच होता. मराठी वाचायची तिला सवय नव्हती. ती अक्षरावर बोट धरल्यासारखं वाचू लागली आणि तो अडखळता आवाज भोंग्यातून सगळ्या टेकडीवर जाऊ लागला.

"मी... चु... चुक... लो. मी चुकलो. हे... दे-वी... देवीचे पा... पाऊल न... नव्हे. हे र... रसा... मामाआजोबा, ये क्या है? रसायन?"

"रसायन म्हणजे केमिकल," प्रतापराव म्हणाले. त्यांचा आवाजही माइकनं उचलला. "पुढं वाच."

"सही... प्र. देऊळ... देऊळगावकर. अय्यो, ही तर तुमची सही आहे!"

शाळेतल्या पोरासारखी आपली चूक अक्षर अक्षर लावून चारशे लोकांपुढं वाचली जाताना प्रतापराव मान खाली घालून उभे होते. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. उतारावरची रांग थांबली होती.

स्वामी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी एका दमात माइक हिसकावून घेतला. "पाहिलंत आईची लीला! साहेबांच्या मनात शंका आली, आणि आईनं त्यांच्याच सहीनं त्यांची चूक दगडावर लिहून दाखवली! म्हणा, गुट्टम्मा माता की..."

"जय!" काही गळे उठले. काही उठले नाहीत.

"और ये किसकी लीला, स्वामी?" यादय्या बाजूला उभा होता. त्यानं आपल्या कॅनमधलं पाणी पायाशी ओतलं. काळ्या दगडावर एक चहाचा ग्लास उमटला. वर वाफेच्या तीन रेघा. शेजारी बशी, बशीत दोन बिस्किटं. खाली तेलुगूत मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, "वर चढू नका. यादय्या."

मग मागून एक बाई म्हणाली, "आई चहा पण मागायला लागल्या का?" आणि हसू फुटलं. आधी एकदोघं, मग दहावीस, मग सगळी टेकडी. त्या हसण्यात स्वामींचा माइक बुडाला. त्यांनी दोनदा "माता की" म्हणून पाहिलं, पुढचं कुणी म्हटलं नाही.

प्रतापरावांनी कागदात गुंडाळलेला डबा वर धरला. आता माइकची गरज नव्हती.

"हे बेगम बाजारात मिळतं. गच्ची गळू नये म्हणून लावतात. पावलाच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा, दगडावर धरायचा, मधल्या भोकातून हे लावायचं. वाळलं की दिसत नाही. खरवडून निघत नाही, रंगाचा वास नाही. लावलेल्या जागी पाणी मुरत नाही, बाकी दगडात मुरतं. दगड काळा होतो, पाऊल पांढरं राहतं. देवीनं काही केलेलं नाही. हे स्वामी पूर्वी याच औषधाचं काम करायचे." त्यांनी श्वास घेतला. "मी रंग शोधला, कोरीव काम शोधलं. ते नव्हतं. तेवढंच मला कळलं होतं. बाकीचं कळलं नव्हतं, आणि ते मी लिहिलं नाही. मला लाज वाटली. माझ्या त्या लाजेवर तुम्ही सगळे वर चढलात."

आणि मग वरून, पाचव्या पावलापासून, एक आवाज आला. तीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज.

"प्रताप! वाट दिसत नाही!"

प्रतापरावांनी डबा खाली ठेवला. अकरा वर्षांत हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं होतं. पत्रकावर ते ज्या अक्षरात होतं, ते अक्षरही तिचंच होतं.

"थांब तिथंच, ताई!" ते ओरडले. "आलो!"

बूट न काढता, कातळाच्या कोरड्या कडेकडेनं, यादय्याचा दोर कमरेला बांधून ते वर गेले. पुढच्या माणसांना एकेक करून बसायला सांगितलं. वनखात्याची माणसं आली, त्यांनी दुसरा दोर लावला. वीसच्या वीस माणसं बसत बसत खाली आली. कुणाला ओरखडा आला नाही. कुसुमताई सगळ्यांत शेवटी उतरल्या. उजवा हात प्रतापरावांच्या खांद्यावर, नजर पायाखाली.

अर्ध्यावर त्या म्हणाल्या, "शुक्रवारी चहा पीत होतास, तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"पद्मावतीसमोर बोलायची लाज वाटली."

"हो."

"आणि मी इथं चढले." त्यांनी एक पाऊल जपून खाली टेकलं. "सगळ्या जगाला सांगितलंस ते बरं केलंस. पण मला आधी सांगायला हवं होतंस, प्रताप. जिन्यात गाठून सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

प्रतापरावांनी पुढचं पाऊल टेकायची कोरडी जागा त्यांना बोटानं दाखवली.

शेड आठवड्याभरात निघाली. स्वामींची चौकशी चालू आहे. फलक प्रतापरावांनी स्वतः उतरवला. स्वामींची पावलं वनखात्यानं घासून काढायचा प्रयत्न केला, पण औषध दगडात मुरलेलं. उन्हानं जाईल वर्षादोन वर्षांत. तसंच ते कातळावरचं लिखाणही. यादय्यानं ते घासलंच नाही. कुणी नवी माणसं आली आणि गुट्टम्माची पावलं कुठं म्हणून विचारू लागली, की तो त्यांना तिथं नेतो, पाणी ओततो आणि म्हणतो, "पढ़ो." प्रतापराव हजर असले तर त्यांना बाजूला उभं राहावं लागतं. दगड वाळेपर्यंत उभं राहून ते सगळं पुन्हा सांगतात, तिसऱ्या ओळीसकट.

कुसुमताई आता पांढऱ्या बाणांच्या वाटेनं चालतात. हळू, पण पूर्ण. हाताचं हाड डॉक्टरांनी जुळवलं, सहा आठवड्यांत. मंडळाच्या पत्रकावर त्यांनी आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे, "हा नियम डोंगराखालीही लागू."

तो तुम्हांआम्हांलाही लागू आहे. उद्या कुणी तुम्हांला दगडावर, लिंबात, राखेत, पाण्यात काही दाखवील, आणि ते कसं झालं हे तुम्हांला कळणार नाही. न कळणं हा गुन्हा नाही आणि चमत्कारही नाही. सही करू नका, हात जोडू नका, पुढं पाऊल टाकू नका. जागच्या जागी उभे राहा आणि मोठ्यानं म्हणा, वाट दिसत नाही. मग खाली वाका आणि शोधा. तुमच्या गच्चीवरही एकदा नीट बघा.